कांडीवाचून

माणूस घर सोडून निघतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघू नये, बॅगेकडे बघावं. तोंड काहीही सांगतं.

पडदेवालीने तेच केलं होतं. नवरा दारात उभा राहून "सहा महिने गं, फार तर सात," असं तिसऱ्यांदा सांगत होता आणि ही त्याच्या पायाशी ठेवलेली बॅग मनात उलगडून पुन्हा भरत होती. चार शर्ट, म्हणजे धुणं तिकडेच व्हायचं. स्वेटर एकच, म्हणजे थंडीच्या आत परतायचा विचार दिसतो. दाढीचं सामान सगळं. दोघांचा फोटो नाही, पण तो भिंतीवरून कधीच कुणी काढला नव्हता, तेव्हा तो तिने धरला नाही. डाव्या खिशात पोलादी कांडी. गिटार मात्र घरात. बेरीज तिच्या बाजूने आली. एवढं मोठं धूड इथे आहे तोवर माणूस जातो कुठे? असा हिशेब करून तिने हसतमुखाने निरोप दिला, आणि सासूबाईंना वाटलं, आपली सून काळजाची घट्ट आहे.

त्याला आता तीन वर्षं दोन महिने झाले होते.

या धुडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गिटार म्हटलं की लोकांना गळ्यात पट्टा अडकवून मान हलवणारी पोरं आठवतात. ही तशी नव्हे. ही चार पायांवर उभी राहते, इस्त्रीच्या टेबलासारखी, आणि वाजवणारा तिच्यासमोर स्टुलावर बसतो. वर दहा तारा. खाली पायाशी तीन पेडल, आणि गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे चार दांडे. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली अंगठ्याएवढी जाड कांडी तारांवरून सरकवत न्यायची. कांडी सरकेल तसा सूर सरकतो. शिवाय पेडल दाबलं किंवा दांडा गुडघ्याने ढकलला की खालच्या सळ्या एखादी ठरलेली तार ताणतात, एखादी सैल सोडतात. वाजवणारा समोरून पाहिला तर बँकेत नंबर यायची वाट बघत बसल्यासारखा निवांत दिसतो. खाली वाकून पाहिला तर सायकल चालवता चालवता मांजर हाकलतोय असं वाटतं.

त्या सरकत्या सुरांवरून गल्लीने नवऱ्याचं नाव घसरगुंडी ठेवलं होतं. त्याला ते आवडायचं. इथलं हॉटेल बंद पडलं, बँड फुटला, आणि दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळी वाजवायचं काम मिळालं, तेव्हा गल्ली म्हणाली, घसरगुंडी घसरला बरोबर! तिथे त्याला वाजवायला भाड्याची गिटार होती. कांडी मात्र हाताच्या सवयीची लागते, म्हणून ती खिशातून गेली.

फोन दर दुसऱ्या रविवारी. पहिल्या वर्षी सरासरी चाळीस मिनिटं, दुसऱ्या वर्षी अठरा, तिसऱ्या वर्षी नऊ. त्या नऊ मिनिटांत आईचे गुडघे दोन मिनिटं, हवापाणी एक मिनिट, "बाकी काय?" दोघांचं मिळून चार वेळा, आणि शेवटी ठरलेलं:

"गिटारवर ओल तर येत नाही ना?"

"नाही."

"पुसतेस ना?"

"पुसते."

फोन ठेवल्यावर तिला वाटायचं, ओल आणखी कशाकशावर येते याची चौकशी अजून थोडी पुढे न्यायला हरकत नव्हती.

पुसता पुसताच ते सगळं सुरू झालं. तो जाऊन सातवा महिना उलटला होता, म्हणजे "फार तर सात" हेही संपलं होतं. त्या धुडाचे पाय पुसायला ती त्याच्या स्टुलावर बसली आणि तिचा गुडघा दांड्याला लागला. पाऊल आपोआप पेडलवर गेलं. आणि तिच्या अंगाला ते ओळखीचं वाटलं, जसं अंधारात आपल्या घरातलं बटण हाताला सापडतं.

कारण पडदेवाली एकोणीस वर्षं हेच करत होती. नाट्यगृहांचे, सभागृहांचे, दवाखान्यांचे मोठमोठे पडदे शिवणाऱ्या कारखान्यात तिचं मशीन खिडकीकडून तिसरं. त्या मशीनला पायाखाली पाटा असतो आणि उजव्या गुडघ्याशी एक दांडा. पाटा पुढे दाबला की सुई पळते, टाचेने मागे दाबला की दोरा कापला जातो, गुडघा ढकलला की कापड दाबून धरणारा पाय उचलतो. हात फक्त कापड सांभाळतात. खरं शिवण कमरेखाली होतं. पडदेवालीच्या पायांना अक्कल होती. हातांपेक्षा जास्तच, असं सासूबाई तिची भांडी घासलेली बघून म्हणत.

तिने अंगठ्याने एक तार ओढली आणि पेडल दाबलं. तार वर चढली. पाय सोडला, तार घरी आली.

कांडी नव्हती. तिने औषधाची बाटली तारांवर ठेवून पाहिली, बाटली कण्हली. सुरीची मूठ लावून पाहिली. तारांनी दात खाल्ले. मग तिने तो नाद सोडला. कांडी ज्याची त्याच्या खिशात होती, आणि दुसऱ्या कसल्या लोखंडाला तिची जागा द्यायला तिचं मन घेईना. तारा मोकळ्याच ठेवायच्या आणि सगळं काम पायांनी, गुडघ्यांनी करायचं, असं तिने ठरवलं. मोजून पाहिलं तर पाच-सहा सूर मोकळ्या तारांत आयते बसलेले होते. उरलेले पायांत निघाले.

पण सूर म्हणजे चाल नव्हे. तिला एकच चाल हवी होती.

नवरा रोज संध्याकाळी तारा लावून झाल्या की कामाला निघायच्या आधी चार ओळींची एक चाल वाजवायचा. ती त्याचीच होती, तिला नाव नव्हतं, हॉटेलात त्याने ती कधी वाजवली नाही. "गळा साफ करतोय तिचा," असं म्हणायचा. दुसऱ्या ओळीच्या टोकाला एक सूर यायचा, बोलता बोलता माणूस अडखळावा आणि मनातलं बोलून जावं तसा, आणि त्या सुरावर तो दर वेळी मान वर करून तिच्याकडे बघायचा. सात वर्षं. दिवसातून एकदा. तिने हेही मोजलं होतं, पण तो आकडा ती कुणाला सांगत नसे.

पहिली ओळ अकरा दिवसांत जमली. कारखान्याची सुट्टी गुरुवारी. शिवाय रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा सासूबाई खाली बाकावर बसायला जात. तेवढा वेळ तिचा. वीज जोडायची नाही, स्पीकर लावायचा नाही. विजेवाचून त्या गिटारचा आवाज कपाटात ठेवलेल्या घड्याळाएवढाच. शेजारी कळायची भीती नव्हती.

दुसऱ्या ओळीत ती अडकली. तो अडखळणारा सूर कुठे सापडेचना. पाचवी तार मोकळी सोडली तर खाली पडायची; पेडल दाबलं तर वर निघून जायची. हवा होता तो मधला. कांडी असती तर बोटभर सरकून तो मिळाला असता. पेडल अर्धं दाबून धरलं तर सूर दारू प्यायल्यासारखा डुलायचा. आठ महिने गेले. ती बाकी सगळी चाल वाजवायची आणि मध्ये त्या सुराच्या जागी गप्प बसायची. पायरी गळालेला जिना असतो तसं.

मग एकदा कारखान्यात तिच्या टाक्याचा ताण बिघडला. मेकॅनिक आला, आणि नेहमीचं बोलला: "बाई, वरचा दोरा ओढतो, खालचा धरून ठेवतो. दोघांचं भांडण सारखं झालं तरच गाठ कापडाच्या बरोबर मध्ये बसते." हे वाक्य तिने एकोणीस वर्षांत शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी तिने त्याच्याकडे नट सैल करायची लहान चावी एका दिवसासाठी मागितली.

घरी येऊन ती गिटारखाली उताणी झोपली. पाचव्या तारेला वर ओढणारं पेडल होतंच. आता तिला खाली धरून ठेवणारं कुणीतरी हवं होतं. डाव्या गुडघ्याचा एक दांडा चौथी तार उतरवायचा. त्याची सळी तिने सोडवली आणि पाचव्या तारेला जोडली. उठून बसली. आधी गुडघा, मग पाऊल. एक ओढतो, एक धरतो. सूर बरोबर मध्ये बसला.

आपण नवऱ्याच्या वाद्यात फेरफार केला, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं. ते तिने "आले की सांगू" या यादीत टाकलं. यादी आधीच लांब होती.

चाल पुरी झाली तरी ती त्याची चाल नव्हती. त्याचा सूर कांडीखाली थरथरायचा. हिचा सरळ उभा राहायचा, आणि उभ्याउभ्याच विझायचा. तिला वाटे, आपण चाल वाजवत नाही, चालीची हाडं मांडतो आहोत. आणि दुसऱ्या ओळीच्या टोकाला तिची मान आपोआप वर जायची. समोर कपाटाचा आरसा होता. त्यात कमरेपासून वर अगदी शांत बसलेली एक बाई दिसायची.

असं चाललं होतं. मग एका गुरुवारी दुपारी तीन वाजता टिपरी आला.

टिपरी म्हणजे नवऱ्याच्या जुन्या बँडमधला ड्रमवाला. दिसेल त्या वस्तूवर बोटं आपटायची सवय, त्यावरून हे नाव. तोही आता त्याच हॉटेलात होता. आपल्या माणसांना भेटायला आला होता, आणि खाली, मागचा भाग मोकळा असलेली गाडी उभी होती. पडदेवालीने खिडकीतून गाडी पाहिली. एका ड्रमवाल्याला भेटीगाठींसाठी एवढी मोठी गाडी कशाला?

"काकू, चहा असेल तर नाही म्हणणार नाही," टिपरी म्हणाला.

"तू कशालाच कधी नाही म्हणालायस?" सासूबाई म्हणाल्या. "बस. टेबल बडवू नकोस."

चहा अर्धा झाल्यावर त्याने सांगून टाकलं. हॉटेलाने घसरगुंडीला कायम केलं होतं. भाड्याच्या गिटारला तो कंटाळला होता. "तर वहिनी, ती न्यायला सांगितलंय त्याने. मी म्हटलं, माझी गाडी रिकामीच येणार आहे."

"गिटार गाडीने जाईल," सासूबाई म्हणाल्या. "आणि तो कशाने येणार?"

टिपरीने कपात बघितलं. कपात काही नव्हतं. "येईल की, काकू."

"हे तू तीन वर्षांपूर्वीही म्हणाला होतास. तेव्हा निदान चहा गरम होता."

पडदेवाली तीन वर्षांपूर्वीची बेरीज पुन्हा करून बघत होती. गिटार वजा केली की खाली काय उरतं ते.

गाडीत चढवण्याआधी सगळं चालतंय ना ते फोनवर ऐकायचं, असं नवऱ्याने बजावलं होतं. टिपरीने फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन गिटारच्या लाकडावर ठेवला.

"आधी दहाही तारा मोकळ्या वाजव," पलीकडून आवाज आला. वार गुरुवार असल्यामुळे तो आवाज तिला जरा वेगळाच वाटला, कामातला, ताजा.

"अरे, मला काय कळतंय? वहिनी वाजवतायत."

"तिला तरी काय कळतंय? बरं, एकेक ओढ म्हणावं अंगठ्याने."

ती स्टुलावर बसली आणि तिने एकेक तार ओढली.

"सुरात आहे," तो म्हणाला. "तीन वर्षं नुसती पडून सुरात कशी?"

सासूबाईंना नेमका तेव्हाच खोकला आला.

"बरं. पहिलं पेडल. हं. दुसरं. हं. तिसरं... ठीक. आता डावा गुडघा. आतला दांडा. चौथी तार उतरायला पाहिजे."

तिने चौथी तार वाजवली आणि गुडघा ढकलला. तार जागची हलली नाही.

"ढकललास का?"

"ढकलला."

"पुन्हा ढकल. छे! सळी निसटलीय. कुणी हात लावला होता का तिला?"

टिपरी फोनच्या अलीकडे दोन्ही मुठींनी काहीतरी मोडल्याचा अभिनय करू लागला. "मोडली म्हणा," असे ओठ हलवले. "स्वतः येईल!" दारातून सासूबाई दुप्पट जोराने तेच सांगत होत्या, आणि गुडघेदुखीच्या बाईच्या मानाने बऱ्याच उड्या मारत होत्या.

"काही कळत नाही हो," पडदेवाली म्हणाली. "बिघडलंय वाटतं."

पलीकडे एक सुस्कारा. मग: "राहू दे मग. टिपरी, उचलू नकोस, रस्त्यात आणखी वाट लागेल. त्या सळ्यांना मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मलाच यावं लागणार. पुढच्या महिन्यात दोन दिवस काढतो."

सासूबाईंनी डोळे मिटून भिंतीला टेका दिला. टिपरीने विजयाने टेबल बडवलं.

दोन दिवस. जे ऐकायला ती अडतीस महिने थांबली होती ते तिने ऐकलं होतं, आणि ते ऐकताच तिचं मोजणं सुरू झालं. अर्धा दिवस प्रवासाचा शीण. अर्धा दिवस आई. मग तो उताणा झोपेल, त्या धुडाखाली. तिला कारखान्यातला मेकॅनिक आठवला. मशीन बंद पडलं की त्याची किती वाट बघतात बायका! दहादा दाराकडे बघतात. तो येतो, वाकतो, पंधरा मिनिटांत मशीन चालू होतं. दुरुस्तीला आलेला माणूस दुरुस्ती झाली की हत्यारं गोळा करतो. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्याचं काम झालेलं असतं.

"अहो," ती म्हणाली, "बिघडलेलं नाही. मी बदललंय."

टिपरीने कपाळावर हात मारला.

"काय बदललंयस?"

"ती सळी. चौथ्या तारेवरून काढली, पाचवीला लावली."

"तू?" मग: "का?"

याचं उत्तर तिला बोलून देता आलं नसतं. तिने स्टूल पुढे ओढलं आणि ती चाल वाजवली. चारही ओळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न थांबता. टिपरीची बोटं पहिल्यांदाच नुसती टेबलावर पडून राहिली. दुसऱ्या ओळीच्या टोकाला तिने मान वर केली नाही, फोनकडे बघितलं.

शेवटची तार विझली. फोनमधून काहीच येईना.

"कटला काय?" टिपरी म्हणाला.

"नाही," पलीकडून आवाज आला. आणि थोड्या वेळाने, "कांडी कुठली घेतलीस?"

"कांडी तुमच्याकडे आहे."

"मग तो दुसऱ्या ओळीतला..."

"तो गुडघ्यात आहे."

"असं होत नाही."

"बरं."

"नाही म्हणजे, होत नाही तसं. मोकळ्या तारेवर तो सूरच नाहीये." त्याचा श्वास ऐकू येत होता. "पाठवून दे. इथे बघतो मी." आणि फोन ठेवला.

अकरा मिनिटं. ओलीबद्दल एक शब्द नाही.

सासूबाई पुढे आल्या. "आलेला माणूस परत पाठवलास की गं! दारातून!"

"आई, ते सळीसाठी येत होते."

"कशासाठी का येईना! आणि मला काय बहिरी समजतेस? अडीच वर्षं रोज दीड तास त्या गार बाकावर मी काय हवा खायला बसते? माझे गुडघे त्या बाकाने गेले. तुझी ती दुसरी ओळ जमेपर्यंत तर मला वाटलं, मी बाकावरच जाते!"

टिपरी हळूच म्हणाला, "वहिनी, न्यायचीच आहे तर सळी मूळ जागी लावून द्या. पाचच मिनिटांचं काम असेल. नाहीतर पेडलवर पाय ठेवल्या ठेवल्या भडकेल तो."

मेकॅनिकला परत करायची राहिलेली चावी तिने काढली. गिटारखाली जाऊन झोपली. सळीच्या टोकाला चावी लावली. खालून ती सगळी यंत्रणा दिसत होती, त्याच्या सळ्या, त्याचे दांडे, आणि मध्ये ही एक सळी तिरकी, जिथे नसायला हवी तिथे. इथून वर बसणारा माणूस दिसला नसता, फक्त त्याचे पाय दिसले असते. ती तशीच पडून राहिली. मग चावी काढून बाहेर आली.

"अशीच ने."

"चिडेल, वहिनी."

"चिडू दे. चिडलेला माणूस फोन तरी करतो."

गिटारचे चारही पाय फिरवून काढले, पेडल सोडवली आणि पडद्याच्या जाड कापडात सगळं गुंडाळून तिने स्वतः टाके घातले. टिपरीने आणि तिने मिळून ते खाली नेलं. गाडी गेली. खोली एकदम मोठी झाली आणि सासूबाईंनी रात्रीपर्यंत तिच्याशी अबोला धरला. तोडला तोही एवढ्यासाठीच: "ओलीस होता घरात, तोही दिलास सोडून."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. तो ठरलेला रविवार होता. सासूबाईंनी संध्याकाळी काही विचारलं नाही, ते जास्त लागलं. पडदेवालीच्या डोक्यात आता बेरजेला काही उरलंच नव्हतं. शून्यातून काय वजा करणार? कारखान्यात तिने त्या आठवड्यात चौदा पडदे उलटे शिवले, असं शेजारची बाई सांगत सुटली. चौदा नव्हते. तीन होते.

सतराव्या दिवशी, शनिवारी, साडेपाच वाजता फोन वाजला.

कुणी बोललं नाही. पलीकडून एक तार वाजली. पाचवी. मग ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि मध्ये कुठेच थांबली नाही. एक शिवी ऐकू आली, गिटारला दिलेली. पुन्हा तार. या वेळी सूर बोटभर सरकला आणि बरोबर जागी येऊन थरथरू लागला.

"कांडी खाली ठेवा," ती म्हणाली.

"ठेवलीय."

"नाही ठेवली. ऐकू येतंय."

लाकडावर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला.

"आता आधी गुडघा. मग पाऊल. दोन्ही एकदम नका मारू. गुडघा धरून ठेवतो, पाऊल ओढतं."

"माझा गुडघा तिकडे जातच नाही गं. वीस वर्षं तो दांडा दुसऱ्या कामाला होता."

"माझाही जात नव्हता."

त्याने वाजवलं. चुकलं. पुन्हा वाजवलं. ती इकडे खुर्चीत बसून "आधी गुडघा" म्हणत राहिली. कितीदा म्हणाली, किती वेळ गेला, ते तिने मोजलं नाही. सासूबाई साडेसहाला बाकावरून वर आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. शेवटी एकदा तो सूर आला, सरळ, न थरथरता, आणि हळूहळू विझला. तो विझेपर्यंत तिकडे तोही गप्प होता.

"हा असा..." तो म्हणाला. "सळी मूळ जागी लावणार होतो पहिल्याच दिवशी. मग म्हटलं, आधी हे कसं होतं ते तर बघू. सतरा दिवस झाले. हॉटेलात भाड्याचीच वाजवतोय अजून."

"बरं."

"कुठे बसून शिकलीस हे?"

"तुमच्याच स्टुलावर."

त्याने विचारलं, "तिसरी ओळ कशी घेतेस? तिथे तर दोन पेडल लागतील."

ती सांगणार तेवढ्यात सासूबाईंनी तिचा दंड धरला. "फोनवर सांगू नकोस!" त्या इतक्या मोठ्याने कुजबुजल्या की गल्लीने ऐकलं असतं.

"आई काय म्हणतेय?" त्याने विचारलं.

"आई म्हणतायत, ती ओळ फोनवर सांगता येत नाही." तिने आपल्या पायांकडे बघितलं. "आणि ते खरंय हो. पाय बघावे लागतात. गिटार तिकडे आहे, पाय इकडे आहेत."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला गुरुवारी सुट्टी असते," ती म्हणाली. "शुक्रवारी घेता येईल."

मग तो बोलायला लागला, भराभर, कुणीतरी मध्येच थांबवेल अशा घाईने. पहिली बस सकाळी सहाला सुटते. उजव्या बाजूला बस, डावीकडे ऊन येतं. मध्ये एकदा थांबते, तेव्हा उतरू नकोस, ती लवकर सुटते. शेवटच्या स्टॉपवर पुढच्या दाराने उतर, मी घड्याळाखाली उभा असेन.

एकदा ऐकूनच तिला सगळं पाठ झालं होतं.

"हळू सांगा," ती म्हणाली. "लिहून घेते. पुन्हा पहिल्यापासून सांगा."